अनसूयेची बोगनवेल

माझा धाकटा भाऊ गोपाळकृष्ण याने अकोल्याच्या कोर्टात एकेचाळीस वर्षं वकिली केली आणि या एकेचाळीस वर्षांत एकही नियम मोडला नाही, हीच माझी त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार आहे. मे महिन्यात दुपारी अडीच वाजता अकोल्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा वेळी हा माणूस स्कूटर घेऊन सिग्नलला थांबतो. डोक्यावर ऊन, खाली डांबर मऊ झालेलं, चारी बाजूंना शुकशुकाट, आणि हा लाल दिव्याकडे बघत उभा. एकदा मी मागे बसले होते. म्हटलं, "गोपाळ, चल ना रे बाबा, कोण बघून राहिलं इथं?" तर म्हणतो, "ताई, सिग्नल कोणी बघावं म्हणून नसतो." त्या दिवशी मला ऊन लागलं. तळपायांना कांद्याचा रस चोळत मी दोन दिवस त्याच्याच घरी पडून होते. या दोन दिवसांत आपलं काही चुकलं असं त्याला एकदाही वाटलं नाही.

औषधावर 'जेवणानंतर अर्ध्या तासाने' असं लिहिलेलं असलं की हा घड्याळ समोर ठेवून बसायचा. मिक्सरबरोबर आलेली पुस्तिका त्याने फाईल केली होती आणि चटणी वाटायच्या आधी अनसूयेला त्यातलं पान वाचून दाखवायचा. अनसूया म्हणजे माझी भावजय. ती हसायची आणि चटणी पाट्यावर वाटायची. तिच्या जागी मी असते तर मिक्सर आणि नवरा दोन्ही माळ्यावर टाकले असते.

या घरात अनसूयेचं स्वतःचं असं एकच होतं, ते म्हणजे गच्चीवरची बोगनवेल. कुंपणावर झिंगत चढते ती नव्हे. ही होती बोनसाय. पसरट ताटलीएवढ्या कुंडीत चोवीस वर्षं वाढवलेली, हातभर उंच, खोड मनगटाएवढं जाड आणि म्हाताऱ्या माणसासारखं वळलेलं. फांद्यांना तार गुंडाळून, दर पावसाळ्यात मुळं छाटून, विटांचा चुरा आणि जाड वाळू घालून तिने ती जोपासली. दर चैत्रात ती अशी फुलायची की पान शोधावं लागे. अमरावतीहून मी खास बघायला यायचे. रंग गुलाबी म्हणावा तर जांभळा, जांभळा म्हणावा तर गुलाबी.

एकदा मी आले तेव्हा झाडाची पानं माना टाकून लोंबत होती. मी धावत जाऊन तांब्या भरून आणला. अनसूयेने माझा हात धरला. "वन्सं, नको. तहान लागल्याशिवाय ती फुलत नाही. होळीनंतर महिनाभर असंच करते मी. पानं पार मलूल झाली की एक वाटी पाणी, त्याआधी थेंब नाही. तिला वाटतं आता आपण मरतो, मग फुलते." मला ते काही आवडलं नव्हतं. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं माझं, झाडांचं मला काय कळतं? पण फुलं आली तेव्हा मी गप्प बसले.

तीन वर्षांपूर्वी चैत्रात अनसूया गेली. मूत्रपिंडांनी दगा दिला. शेवटचे दोन महिने मी तिला बघूही शकले नाही, कारण माझा पाय मोडला होता आणि मी अमरावतीला प्लास्टरमध्ये पडून होते. तेराव्याला आले ती वॉकर घेऊन.

त्यानंतर बोगनवेल फुलली नाही. पहिला चैत्र कोरडा गेला, दुसराही गेला. झाड मेलं असतं तर एक वेळ समजलं असतं. पण ते हिरवंगार, तजेलदार, नुसत्या पानांनी भरलेलं! आणि रोज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजायचा. "ताई, आज नवीन तीन फुटवे आले. फूल नाही." दुसऱ्या दिवशी, "ताई, दक्षिणेकडच्या फांदीला पाच पानं. फूल नाही." मी म्हटलं, "गोपाळ, तू मला झाडाची तारीख पे तारीख देऊ नको, मला बातम्या बघायच्या असतात." दुसऱ्या दिवशी सात दहाला फोन आलाच.

याच सुमारास वामनराव अवतरले. हे अमरावतीचे गृहस्थ, शेतकी खात्यातून निवृत्त झालेले, घरी दोनशे बोनसाय. अनसूया त्यांच्याकडून तारा आणायची, त्यामुळे ओळख होती. अकोल्याला आले होते म्हणून गच्चीवर चढले आणि झाड बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "वकीलसाहेब, हे काय करून ठेवलं? वहिनींनी मूर्ती घडवली होती, तुम्ही तिचं झुडूप केलं! मले द्या. दोन वर्षांत वळणावर आणतो."

माणसं असं म्हणतात. त्यावर "बघू" म्हणायचं, चहा द्यायचा आणि विषय बदलायचा. पण माझा भाऊ उठला, लेटरहेड काढलं आणि लिहून दिलं. मी तो कागद नंतर वाचला तेव्हा माझं पित्त खवळलं. 'येत्या अक्षय्य तृतीयेपर्यंत सदर झाडास किमान एक फूल न आल्यास सदर झाडाचा कायमचा ताबा श्री. वामनराव यांना देण्यात येईल व त्याबाबत माझी कोणतीही हरकत राहणार नाही.' खाली सही, तारीख. कोणी मागितलं होतं लेखी? वामनरावांनीसुद्धा मागितलं नव्हतं. पण मिळाल्यावर घडी करून खिशात ठेवलं. सोडतात होय!

फोनवर हे ऐकल्यावर मी म्हटलं, "अरे, तिची एवढी एकच गोष्ट घरात राहिली आणि ती तू दुसऱ्याला लिहून देतो?"

"त्यांना कळतं त्यातलं, ताई. मला सांभाळता येत नाही. जमत नसेल तर माणसाने ताबा सोडावा."

"तुला नाही जमत ना? मग मी येते. मी फुलवून दाखवते."

होळीच्या तिसऱ्या दिवशी मी बॅग घेऊन अकोल्याच्या गाडीत बसले. माझं वय बहात्तर, गुडघे नावापुरते, पण राग चांगला शाबूत आहे.

गेल्या गेल्या मी सगळा कारभार हातात घेतला. कुंडी गच्चीच्या मधोमध, भर उन्हात. शेजारी अनसूयेची स्टीलची वाटी पालथी. हुकूम असा की मी सांगेन तेव्हाच आणि एकच वाटी. गोपाळने मान डोलावली. गोदाबाईनेही मान डोलावली. ही घरची कामवाली, अठरा वर्षांपासूनची, बार्शीटाकळीकडची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर माती ओली. तिसऱ्या दिवशी ओली. चौथ्या दिवशी बोट घातलं तर बोटाला गार लागलं. वर सूर्य असा की पापड गच्चीवर टाकला तर तळून निघावा, आणि या कुंडीत मात्र श्रावण.

मी गोदाबाईला पकडलं. "गोदाबाई, खरं सांग, झाडाला पाणी तू घातलंस?"

"एक डाव टाकलं बाई. तांदूळ धुतलेलं. तुमी उन्हात ठेवलं त्याच दिवशी."

"मी नको सांगितलं होतं ना?"

"सांगतलं होतं. पर त्याच्या माना बघवेना मले. तुमी तं मोठ्या शिकलेल्या, तुमाले काहून नाई वाटत काई? मी माया दारात चिमन्याइले पानी ठेवतो, वाटसराले ठेवतो. अन् या घरात झाड तहानेलं ठेवून राहिले! मुक्या जिवाले नाई द्यावं मंग कोनाले द्यावं?"

हा आमच्या वऱ्हाडातला रोग आहे, आणि त्यावर इलाज नाही. उन्हाळ्यात इथे कोणी कोणाला तहानेलं बघू शकत नाही. कुरिअरवाला दारात आला तरी आधी पाणी, मग सही. भांडायला आलेल्या माणसालाही आधी गूळपाणी देऊन मग शिव्या देतात. अशा गावात तहानेवर फुलणारं झाड ठेवायचं म्हणजे सगळ्या गल्लीशी वैर घेणं. समोरच्या गच्चीवरून एक बाई मला रोज ऐकवायच्या, "आजी, झाड सुकून राहिलं हो!" एकदा तर त्यांनी पाइप लावून लांबूनच धार मारायला सुरुवात केली. मी छत्री उघडून झाडापुढे उभी राहिले आणि नखशिखांत भिजले.

त्यांना समज दिली. गोदाबाईला गच्ची बंद केली. तरी माती ओली.

मग मी म्हटलं, होऊन जाऊ दे खटला. गोदाबाईला बैठकीत उभं केलं आणि गोपाळला सांगितलं, "तू वकील आहेस, उलटतपासणी घे." गोपाळ चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, "एकदा घातल्याची कबुली आहे. पुढच्या वेळांचा पुरावा नाही. संशयाचा फायदा द्यावा लागेल."

"आरोपीचा वकील कधीपासून झालास तू?"

"पुरावा नाही, ताई," तो पुन्हा म्हणाला आणि उठून आत गेला. गोदाबाईने त्याला हात जोडले आणि मला तोंड वाकडं करून दाखवलं.

मी टाकीची गळती तपासायला प्लंबर बोलावला. गळती नव्हती. कूलरचं पाणी उडतं का ते बघितलं, उडत नव्हतं. कबुतरांवरसुद्धा संशय घेऊन झाला. शेवटी बाजारातून कुलूप आणलं आणि गच्चीच्या दाराला ठोकलं. माझी दुपारची झोप गाढ, चावी कोणी उशीखालून नेली तरी कळायचं नाही. म्हणून ती घरातल्या सगळ्यात विश्वासू माणसाकडे दिली.

तुम्हाला इथेच कळलं असेल. मला नाही कळलं. सख्ख्या भावावर संशय घ्यायला माणसाला वेळ लागतो, त्यातून तो लाल दिव्याला उभा राहणारा भाऊ असला तर फारच.

एप्रिलच्या सुरुवातीला त्याची मुलगी निधी हिने पुण्यात घर बदललं, म्हणून तो नऊ दिवस तिकडे गेला. चावी माझ्याकडे आली. आणि काय सांगू! दोन दिवसांत माती खडखडीत. चौथ्या दिवशी पानांनी माना टाकल्या. मी एक वाटी पाणी घातलं आणि खाली जाऊन डोळे मिटून बसले, कारण बघवत मलाही नव्हतं. आठव्या दिवशी फांद्यांच्या टोकांना मुगाच्या दाण्याएवढे लालसर ठिपके दिसले. मी मोजले, अकरा. त्या संध्याकाळी सात दहाला मीच पुण्याला फोन लावला. "गोपाळ, अकरा! वामनरावाला म्हणावं कागद फाडून टाक!" अकरांचं त्याने नावही काढलं नाही. म्हणाला, "फार मलूल झालंय का गं झाड?"

मी म्हटलं, "छान मलूल झालंय."

तो परत आला आणि चावी पुन्हा त्याच्याकडे गेली. चार दिवसांत सगळे ठिपके हिरवे झाले आणि त्यांची पानं झाली. माती ओली. मी गच्चीवर बसून अक्षरशः रडले. रागाने रडले. अक्षय्य तृतीया आठ दिवसांवर आली होती आणि अनसूयेचं झाड कोणत्यातरी अदृश्य दानशूरापायी अमरावतीला जाणार होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. कूलर बंद पडला आणि घामाने माझी झोप मोडली. पावणेतीन वाजले होते. गोपाळच्या खोलीत बघितलं तर पलंग रिकामा. जिन्यावरून उन्हाचा पट्टा खाली आला होता, म्हणजे गच्चीचं दार उघडं. मी अनवाणीच चढले. शेवटच्या चार पायऱ्यांनी तळपाय पोळले.

माझा भाऊ कुंडीसमोर उकिडवा बसला होता. डोक्यावर ओला रुमाल. हातात प्लॅस्टिकचा एक पेला, त्यावर मापाच्या रेघा. तो पेला खोडाशी धरून अगदी हळूहळू, एक थेंब वाया जाऊ न देता पाणी सोडत होता. पेला संपला की बादलीत बुडवून पुन्हा भरत होता.

"गोपाळ!"

तो दचकला नाही. "ताई, खाली जा. पाय भाजतील."

"माझे पाय गेले खड्ड्यात! दीड महिना मी त्या गोदाबाईच्या जिवावर उठले! प्लंबर बोलावला, शेजारणीशी भांडले, आणि तू? तूच लिहून देतो, तूच पाणी घालतो? काहून रे? काहून केलंस असं?"

"गोदाबाईविरुद्ध पुरावा नाही हे मी सांगितलं होतं."

त्या क्षणी त्याच्या शेजारची बादली त्याच्याच डोक्यावर ओतावी असं मला वाटलं. तसं म्हणायला मी तोंड उघडलं, तर तो पेल्यावरच्या रेघेकडे बघत बोलायला लागला. कोर्टात बोलायचा तसाच, एकसुरी.

"अनसूयेला डॉक्टरांनी दिवसाला सातशे मिली पाणी सांगितलं होतं. चहा, औषधाबरोबरचं पाणी, वरण, सगळं धरून सातशे. जास्त झालं तर फुप्फुसात जाईल म्हणाले. मी हा पेला आणला. वही केली. एकही दिवस सातशेच्या वर जाऊ दिलं नाही. चैत्र होता, ताई. बेचाळीस-त्रेचाळीस ऊन. ती कूलरमधल्या पाण्याचा आवाज ऐकत पडायची. म्हणून मी कूलरसुद्धा बंद केला."

मी खाली टेकले. फरशी पोळत होती, पण उठता आलं नाही.

"शेवटच्या संध्याकाळी साडेसहालाच सातशे पूर्ण झाले. ती म्हणाली, एक घोट द्या. मी म्हटलं, उद्या सकाळी. म्हणाली, बरं, निदान ओठ ओले करा. ओठ ओले करायला परवानगी होती. मी कापूस भिजवून ओठांना लावला. तर तिने तो दातांत धरला, ताई. चोखायला. मी तो ओढून काढून घेतला."

"गोपाळ, पुरे."

"सकाळी ती नव्हती. तेरावा झाल्यावर मी डॉक्टरांना भेटायला गेलो. विचारलं, एक घोट जास्त दिला असता तर? ते म्हणाले, अहो, एका घोटाने काय होतं, द्यायचा की. मी आधी कधी विचारलंच नव्हतं. लिहिलेलं होतं, म्हणून विचारलं नाही."

मला त्याचा राग आला. खोटं कशाला सांगू? माझ्या डोळ्यांपुढे ती कापूस धरलेली अनसूया आली आणि भावाच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. आणि त्याच वेळी त्या भाजक्या फरशीवर बसलेल्या सहासष्ट वर्षांच्या माणसाची दयाही तेवढीच आली. दोन्ही एकदम आलं. मला ते वेगळं करता आलं नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "अक्षय्य तृतीयेला तिच्या नावाने घागर भरून देऊ. आपल्यात त्यासाठीच देतात. झाडाला घालून तिला पोचतं का?"

"घागर वर्षातून एकदा," तो म्हणाला. "तिला तहान रोज लागायची."

मी त्याच्या हातातला पेला घेतला नाही. बादलीत अजून चार पेल्यांचं पाणी होतं. त्याने ते सगळं संपवलं, मी बसून राहिले, आणि मग आम्ही एकमेकांना धरत खाली उतरलो.

संध्याकाळी मी गोदाबाईची माफी मागितली. ती म्हणाली, "मले ठाऊक होतं बाई. वकीलसाहेबाचा लेंगा दुपारी ओला राहे. पर मालकाचं नाव कसं सांगू?" म्हणजे अख्ख्या घरात एकटी मीच शहाणी होते.

आता झाडाचं फुलणं माझ्यापुरतं संपलं होतं. न फुलो बापडं. प्रश्न राहिला कागदाचा. मी म्हटलं, "वामनरावांना फोन कर आणि सांग, झाड देत नाही." तर माझा भाऊ म्हणतो, "असं कसं? लिहून दिलंय."

"अरे, पण पाणी तूच घातलंस! फुलू तूच दिलं नाहीस!"

"म्हणूनच. माझ्या कसुरीचा फायदा मला घेता येत नाही. ते कायद्यात बसत नाही."

मी हात टेकले. सात दिवस मी त्याच्याशी भांडले. नाश्त्याला भांडले, जेवताना भांडले, निधीला फोन लावून तिच्याकरवी भांडले. तो रोज दुपारी गच्चीवर जाऊन पाणी घालायचा आणि रोज संध्याकाळी झाड द्यायची तयारी करायचा. एक खोकं आणलं. त्यात जुनी चादर अंथरली. झाडाच्या काळजीबद्दल चार ओळींची सूचना स्वच्छ अक्षरात लिहिली आणि त्यात पहिली ओळ घातली, 'पाणी रोज द्यावे.' ती वाचून मी कागद भिरकावला. त्याने तो उचलून परत खोक्यात ठेवला.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी अनसूयेच्या नावाने घागर भरली. वर आंबा ठेवला, गुरुजींना दिली. जेवायला आमरस आणि कुरडया. गोपाळने रस बोटभरही खाल्ला नाही. साडेतीनला फाटकाशी गाडी वाजली.

वामनराव माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी ते लग्नाच्या वरातीला आल्यासारखे आले होते, पांढरा सदरा, अत्तर. गोपाळने झाड बैठकीत आणून ठेवलं होतं. हिरवंकंच, भरलेलं, फुलाचा पत्ता नाही. वामनराव त्याच्याभोवती फिरले. "कात्री लागंल चांगली. वहिनींचा आकार अजून आत हाय, दिसून राहिला मले. महिनाभर पाणी तोडलं की बघा कसं सुतासारखं येते."

मी गोपाळकडे बघत होते. 'पाणी तोडलं' म्हटल्यावर त्याच्या कानशिलाजवळची शीर हलली.

"पाणी तोडाल?" त्याने विचारलं.

"तोडाच लागते, वकीलसाहेब. बोगनवेल हाय ते. पार मरणाच्या दारात न्यायची अन् परत आणायची. मी तं दहा-दहा दिवस थेंब देत नाही." वामनराव हसले आणि त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "हा तुमचा कागद. तुमाले परत देऊ का माझ्यापाशी ठेवू?"

गोपाळने कागद घेतला. चष्मा लावला. पूर्ण वाचला, तारखेसकट. मी मनात म्हटलं, आता हा एखादं कलम काढील, वैशाख शुद्ध तृतीया सूर्यास्तापर्यंत असते असं काहीतरी. पण त्याने कागदात पळवाट शोधली नाही. बहुतेक त्याला माहीत होतं, मसुदा त्याचाच होता.

"अगदी बरोबर आहे," तो म्हणाला. "सही माझीच आहे. झाडाला फूल आलेलं नाही. ताबा तुम्हाला द्यायला हवा."

"मंग उचलू?"

"नाही. मी देत नाही."

वामनरावांना ऐकू आलं नसावं असं वाटलं. "काय म्हणता?"

"देत नाही म्हणतो."

"अहो, पण लेखी हाय हे! तुमी स्वतः लिहून दिलं. मी मागतलंबी नव्हतं."

"हो."

"मंग कारण तरी सांगा. फूल आलं नाही हे तं खरं हाय ना?"

"कारण काही नाही," गोपाळ म्हणाला. "लिहून दिलं होतं, ते मी पाळत नाही. माझं चुकतंय. तुम्ही मला जे म्हणाल ते बरोबर असेल." आणि त्याने खोक्यातली चादर काढून तिची घडी घातली.

वामनराव माझ्याकडे बघायला लागले. मी गोपाळच्या हातातली चादर घेतली. "वकिलाच्या शब्दावर आता इस्वास ठेवाचा तं कोनाच्या ठेवाचा?" असं म्हणून ते निघाले. मी रस घ्यायचा आग्रह केला, पण ते थांबले नाहीत. त्यांचा राग रास्त होता. फाटक त्यांनी एवढ्या जोरात लावलं की गोदाबाई मोरीतून धावत आली.

गोपाळ झाडाशेजारी जमिनीवर बसला होता. कागद अजून हातात. चेहरा असा पांढरा की मला वाटलं याला भोवळ आली. मी जवळ जाऊन बसले, पाठीवर हात ठेवला. तो फाटकाकडे बघत राहिला, कोणीतरी त्याला धरून न्यायला येईल म्हणून वाट बघावी तसा. कोणी आलं नाही. गाडी कोपऱ्यावर वळून गेल्याचा आवाज आला आणि मग तोही थांबला.

"काही झालं नाही गं," तो म्हणाला.

"काय व्हायचं होतं?"

"नियम मोडला मी. काहीच झालं नाही." त्याने माझ्याकडे बघितलं. "इतकं सोपं होतं, ताई," तो म्हणाला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा रडला.